मृगाआधीची घरतपासणी

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील गाव. तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे. येथील काळ्या जमिनीत कापूस, तूर, सोयाबीन ही पिके होतात आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी पोहोचते तेथे ऊसही उभा राहतो. अशा भागात रोहिणी नक्षत्र लागले की शेतीच्या तयारीला वेग येतो. घराच्या तयारीकडे मात्र तेवढे लक्ष दिले जात नाही. वास्तविक पावसाळ्यातील घरगुती अपघातांचा बारकाईने विचार केला तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. पावसापासून बचाव व्हावा म्हणून आपण जे करतो, त्यातूनच पुष्कळदा धोका उत्पन्न होतो.

माळवदाचे उदाहरण घेऊ. मराठवाड्यातील जुनी घरे मातीच्या धाब्याची. उन्हाळ्यात ती थंड राहतात हे खरे. पण छत गळू लागले की त्यावर मातीचा नवा थर टाकण्याची रीत आहे आणि जुना थर सहसा कोणी काढत नाही. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर केवळ दोन इंच माती टाकली तरी ती 20 घनफूट भरते. कोरडी असतानाही तिचे वजन सुमारे नऊ क्विंटल होते. भिजल्यावर ते आणखी वाढते. असे थर वर्षानुवर्षे साचत जातात आणि खालची तुळई मात्र तीच, कदाचित वाळवीने पोखरलेली. गावाच्या नावातच कुंभार आहे. ओल्या मातीचे वजन येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नसावी. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छते हे त्या जीवितहानीचे एक प्रमुख कारण होते. घर कोसळण्यास भूकंपच व्हावा लागतो असेही नाही. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात आकसते, त्यामुळे भिंतींना भेगा पडतात. झडीच्या पावसाने भिंत पायथ्याशी भिजली की ती रात्रीतून बसते. म्हणून नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढावा, पन्हळ मोकळी करावी, भिंतीच्या बुडाशी पाणी साचू देऊ नये. भिंतीला पोट आले असेल किंवा तुळई वाकली असेल, तर निदान लहान मुलांची व वृद्धांची निजण्याची जागा बदलावी.

पाऊस सुरू झाला की अंगणातील सरपण, गोवऱ्या आणि धान्याची पोती घरात येतात. त्यांच्यामागे उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे साप. याच सुमारास अंगणात बाजेवर झोपणारी माणसे घरात जमिनीवर अंथरूण टाकतात. नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार येथे विशेष विचारात घेतला पाहिजे. तो रात्री फिरतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाच्या जागी वेदना वा सूज पुष्कळदा नसतेच. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरच्यांना वाटते, अपचन झाले असावे. या गैरसमजात जाणारा वेळच प्राणघातक ठरतो. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसास अशी लक्षणे दिसली, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, सर्पदंशाची शंका घ्यावी. बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचणे हे उपाय साधे आहेत, परंतु त्यांच्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही.

सन 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाची सरासरी 58 हजार होते. प्रतिसर्पविष हा यावरील खात्रीचा उपाय होय आणि ते रुग्णालयातच देता येते. दंश झालेला अवयव काठीचा आधार देऊन स्थिर ठेवावा, अंगठ्या व कडी-तोडे काढावेत आणि रुग्णाला चालू न देता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन गाठावे. करकचून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे या गोष्टी अपायकारक आहेत. रुग्णाला आधी मारुतीच्या पारावर नेण्याची रूढी अनेक गावांत आढळते. श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. दर्शन रुग्णालयातून परत आल्यावरही घेता येते.

विजेच्या बाबतीतही आडोशाचाच प्रश्न आहे. वळवाचा पाऊस आला की शेतातील माणसे बांधावरच्या बाभळीखाली किंवा लिंबाखाली गोळा होतात. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना शेजारच्या माणसाकडे झेप घेते, शिवाय जमिनीतूनही पसरते. चार पाय अंतरावर टेकलेली जनावरे झाडाखाली एकदम मरतात ती यामुळेच. उघडी खोपी किंवा पत्र्याचे मोकळे छप्परही सुरक्षित नव्हे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब आहे. अंतर तीस सेकंदांहून कमी भरले तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावावा आणि श्वास बंद असल्यास छाती दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते सरपंचांच्या व शिक्षकांच्या मोबाइलवर असावे.

ओसरीत कपडे वाळविण्यासाठी बांधलेली लोखंडी तार मात्र आजच काढून टाकावी. घरात येणाऱ्या वायरीचे आवरण झिजून ती या तारेला किंवा पत्र्याला टेकली, की ओले कपडे घालणाऱ्या गृहिणीला धक्का बसतो. तिच्याऐवजी नायलॉनची दोरी पुरते. तुटलेली वाहिनी दिसल्यास जवळ न जाता 1912 वर कळवावे.

आता वेळेविषयी. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागते, तर जिल्हा परिषदेच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. म्हणजे विजांचा पहिला आणि तीव्र हंगाम मुले सुट्टीत असताना, पुष्कळदा गुरांमागे रानात असताना, निघून जातो. त्यामुळे सेकंद मोजण्याचा हा धडा शिक्षकांनी एप्रिलमध्येच, शाळा सुटण्यापूर्वी द्यावयास हवा. ग्रामपंचायतीला 1 मेची ग्रामसभा सोयीची आहे. त्या सभेच्या विषयपत्रिकेत धोकादायक भिंती व माळवदांची यादी, लोंबकळणाऱ्या तारा आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव हे तीन विषय घ्यावेत. रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावा. रात्री दोन वाजता तो कोणाला शोधत बसावे लागू नये.