पाण्याचा दाब : आकडे कसे ठेवावे, कसे सांगावे



तिघरा धरणाचे पाणी मोतीझीलला शुद्ध होऊन ग्वाल्हेरच्या टाक्यांत आणि मग आपल्या नळांत येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुठे किती दाब मिळेल, याचा हिशेब आता संगणकावर होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ मध्ये 'एपानेट' हा प्रोग्राम काढला. तो मोफत मिळतो. पाइपाची लांबी, व्यास, आतला खरखरीतपणा, प्रत्येक जोडाची उंची आणि तिथली पाण्याची मागणी त्यात भरावी लागते. मग तो तासातासाचा दाब काढून देतो. जोड ५०० असले तर एका दिवसाचे १२,००० आकडे!

एवढे आकडे कोण वाचणार? म्हणून अहवालात सरासरी लिहितात. ही रीत आम्हाला पसंत नाही. समजा, एका जोडावर सकाळी ६ ते ८ दाब ३ मीटर आहे आणि उरलेले २२ तास १४ मीटर. सरासरी आली १३. (दाब पाण्याच्या उंचीने मोजतात; १० मीटर म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो.) १९९९ च्या केंद्रीय नियमपुस्तिकेत दुमजली घरासाठी किमान १२ मीटर सांगितले होते. कागदावर सर्व ठीक. पण शाळेच्या वेळी वरच्या मजल्यावरचा नळ कोरडा! वर्गाची सरासरी ६० आहे, एवढे ऐकून नापास मुलाच्या आईचे समाधान होते का? अहवालात सर्वांत कमी दाब, तो कोणत्या जोडावर आणि किती वाजता, हे आधी यावे.

कधी दाब ऋण येतो. नेहमीच्या रीतीत प्रोग्राम असे धरतो की मागितलेले पाणी सर्वांना मिळालेच. म्हणून ऋण आकडा खोडून शून्य करू नये; इथे एवढे पाणी पोचणार नाही, असे लिहावे. २०२० च्या २.२ आवृत्तीपासून दाब पाहून पुरवठा धरण्याची सोय आहे, तेव्हा कोणती रीत वापरली तेही नोंदवावे.

खरखरीतपणाचा आकडा मोजलेला की अंदाजाचा, हेही समोर लिहिलेले हवे. नव्या बिडाच्या पाइपाला हेझन-विल्यम्स सूत्रात १३० धरतात; जुन्याला १०० धरला तर तेवढ्याच प्रवाहाला दाबाची घट सुमारे १.६ पट होते. मुहल्ल्यात नवी लाइन टाकायची ठरली, तर पालक व विश्वस्तांनी हा कागद जरूर मागावा.

अभ्यास (इयत्ता ९ वी) : टाकीतले पाणी नळापेक्षा २० मीटर उंच आहे. नव्या पाइपात ५ मीटर दाब घटतो. पाइप जुना होऊन घट १.६ पट झाली, तर नळाला किती दाब उरेल? दुमजली घराला पुरेल का?