एका अंड्याची राखण

मंडळी, कोंबडी वर्षाला किती अंडी घालते? पुष्कळ. एक फुटले तरी दुसरे मिळते. पण एक समुद्रपक्षी असा आहे, की तो वर्षाला एकच अंडे घालतो. ते गेले की ते वर्ष वाया गेले.

या पक्ष्याचे नाव काहो. दूर अटलांटिक महासागरात बर्म्युडा नावाची बेटे आहेत. काहो अंडी घालतो तो फक्त तेथेच. झाडावर घरटे नाही, जमिनीत बीळ. नर-मादी पाळीपाळीने सुमारे ५० दिवस अंडे उबवतात. बिळाशी येणे-जाणे रात्रीच. अंधारात त्याचे ओरडणे ऐकून जुने खलाशी म्हणत, "ही भुतांची बेटे!"

पूर्वी तेथे काहोचे थवेच्या थवे होते. मग खलाशांनी बेटांवर डुकरे सोडली. त्यांनी बिळे उकरली. १६१२ साली इंग्रजांनी वस्ती केली. त्यांच्याबरोबर उंदीर, मांजरे आली. उपासमार झाली तेव्हा माणसांनीही हे पक्षी मारून खाल्ले. थोड्याच वर्षांत काहो दिसेनासा झाला. तीनशे वर्षे लोक म्हणत, "काहो संपला."

पण १९५१ साली ओसाड खडकांवर त्याची काही घरटी सापडली! शोधणाऱ्यांत डेव्हिड विंगेट नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. पुढे त्याने आपले आयुष्य या कामाला वाहिले. सगळे खडक धुंडाळले, तेव्हा जोड्या भरल्या अवघ्या १८.

खडकावर माती नव्हती. बीळ कोरणार कुठे? काहो कपारीत अंडे घाली. तेथे लांब शेपटीचा दुसरा पक्षी घुसे आणि पिलू मारून टाकी. तो काहोपेक्षा थोडा मोठा. मग काय युक्ती केली? कपारीच्या तोंडावर फळी बसवली. फळीला भोक असे ठेवले, की काहो आत जाईल, पण दुसरा अडेल. कुणाला मारावे लागले नाही! सिमेंटची बिळेही बांधून दिली.

२००३ साली मोठे वादळ झाले. लाटांनी खडकांवरची घरटी मोडली. आता पिले उंच जागी न्यायला हवी होती. पण नेली कधी? उडण्याच्या थोडे दिवस आधी. कारण पिलू रात्री बिळाबाहेर येते, पंख हलवते आणि ती जागा मनात धरते. मोठे झाल्यावर तेथेच परतते. २००४ ते २००८ या काळात शंभरावर पिले नॉनसच बेटावर नेली. माणसांनी त्यांना हाताने मासे भरवले. २००९ साली तेथे काहोचे पहिले पिलू जन्मले.

आज जोड्या दीडशेच्या वर आहेत. सत्तर वर्षांच्या कष्टाचे हे फळ! बरे का मंडळी, उजाडायला थोडी वर्षे पुरतात. सावरायला माणसाचा जन्म जातो.

प्रश्न
१. काहो वर्षाला किती अंडी घालतो?
२. फळीच्या भोकाचा उपयोग काय झाला?
३. पिले उडण्याच्या आधीच का हलवली?