साठ ओहमचा धडा

'पोकलेन' हा शब्द आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतो. मूळ नाव एका फ्रेंच कंपनीचं, पण खोदकाम करणारं कुठलंही मोठं यंत्र दिसलं की आपण त्याला पोकलेनच म्हणतो. डिझेल इंजिन आणि हायड्रॉलिक पंप ही या यंत्राची दोन मुख्य अंगं आपण अभ्यासक्रमात शिकतो. पण आता त्याला तिसरं अंगही आहे, ते म्हणजे कंट्रोलरमधलं संदेशवहन. ते तुटलं की धडधाकट यंत्र जागेवर बसतं. हा दोष कसा शोधायचा, ते या लेखात पाहू.

तलावातली मशीन

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी, करडीला (ता. मोहाडी, जि. भंडारा) गेलो होतो. आपला भंडारा तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, त्यांतला गाळ पाणी आटल्यावरच काढता येतो. परिसरातल्या अशाच एका तलावात पोकलेन लावली होती आणि गाळ शेतात न्यायला ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मृग तोंडावर आला होता. नेमकी तेव्हाच मशीन बसली.

"चालू तं होते बाबू, पण रेसच घेऊन नाही राहिली," ऑपरेटर काका सांगत होते. डिस्प्लेवर इंजिनाशी संपर्क तुटल्याची सूचना येत होती. मेकॅनिकने कॅबिनमधला कंट्रोलर गेल्याचं निदान केलं. तशाच दुसऱ्या मशीनचा कंट्रोलर आणून लावला, तरी तेच. यात तीन दिवस गेले. नवा कंट्रोलर लाखाच्या घरात. 'मशीन धुताना यानेच पाणी मारलं' म्हणून खर्च काकांच्या पगारातून कापायची भाषा सुरू झाली.

दोन वायरींवरची बोलचाल

पूर्वी रेसची केबल थेट इंजिनापर्यंत जायची. आता ऑपरेटर डायल फिरवतो, कॅबिनमधला कंट्रोलर तो आकडा वाचतो आणि इंजिनाच्या कंट्रोलरला संदेश पाठवतो. भारतात १ एप्रिल २०२१ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज सीईव्ही-४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यानंतर तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली इंजिनं सर्रास दिसू लागली.

ही बोलचाल 'कॅन' नावाच्या पद्धतीने चालते. बॉश कंपनीत १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू झालं आणि १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या एसएई परिषदेत ती जगासमोर आली. अवजड वाहनं व यंत्रांमध्ये तिच्यावर आधारलेला 'जे १९३९' हा नियमसंच वापरतात. त्याचा मूळचा वेग सेकंदाला २५० किलोबिट.

सगळे कंट्रोलर एकमेकांना पीळ दिलेल्या दोन वायरींना जोडलेले असतात. एक 'कॅन हाय', दुसरी 'कॅन लो'. कोणी बोलत नसताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना हाय ३.५ पर्यंत चढते, लो १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा कंट्रोलर फक्त दोन्हींमधला फरक बघतो. बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच येतो, त्यामुळे फरकात तो उरत नाही. पीळ देण्याचं कारण हेच.

या मुख्य जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. तो नसेल तर संदेश टोकावर आपटून परत फिरतो आणि गोंधळ होतो. काही यंत्रांत हा रोध कंट्रोलरच्या आतच असतो, काहींत वेगळा प्लग असतो. १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडले की किती? ६०. अकरावीतलं हे गणित इथे लाखाची वस्तू वाचवतं.

तपासणीचा क्रम

१. आधी कोड नीट वाचा. कोड तक्रार करणाऱ्याचं म्हणणं सांगतो, गुन्हेगाराचं नाव सांगत नाही. 'इंजिनाचा संदेश आला नाही' असं कॅबिनचा कंट्रोलर म्हणत असेल, तर तो स्वतः जिवंत असण्याचीच शक्यता जास्त!

२. गप्प बसलेल्या कंट्रोलरला वीज आणि अर्थिंग मिळते का, ते बघा. फ्यूज, बॅटरीची टोकं, चासीवरचा अर्थिंगचा बोल्ट हे सगळं तपासा. स्टार्टर मारताना व्होल्टेज फार पडत असेल तरी संदेशवहनाचे कोड येतात.

३. मेन स्विच बंद करून दोन-चार मिनिटं थांबा. मग हाय आणि लो यांच्यामधला रोध मोजा. नऊ पिनांच्या डायग्नोस्टिक कनेक्टरवर 'सी' पिन हायची आणि 'डी' पिन लोची असते. तरी त्या यंत्राचा वायरिंग नकाशा बघूनच खात्री करा.
- ६० च्या आसपास : दोन्ही टोकं शाबूत.
- १२० : एक टोक तुटलं.
- ४० : कोणीतरी तिसरा रोध जोडून ठेवला.
- शून्याजवळ : दोन्ही वायरी एकमेकींना टेकल्या.
- अनंत : दोन्ही टोकं गेली, किंवा कनेक्टरपर्यंतची वायरच तुटली.

४. आता चावी चालू करून प्रत्येक वायरचं जमिनीशी व्होल्टेज मोजा. हाय २.५ पेक्षा थोडी वर, लो थोडी खाली, बेरीज पाचच्या आसपास यायला हवी. एखादी वायर शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर अडकली असेल, तर शॉर्ट शोधा. एकेक कंट्रोलर सोडवत जा. ज्याला सोडल्यावर आकडा सुधारेल, दोष त्या फांदीत.

५. शेवटी मीटर लावून हार्नेस हलवून पाहा. आकडा नाचला की जागा सापडली.

पुन्हा तलावावर

मला हे सगळं पुस्तकातून माहीत होतं. तरी पहिली चूक केलीच. मेन स्विच चालू असताना ओहम मोजायला गेलो आणि भलताच आकडा आला. स्विच बंद करून पुन्हा मोजलं तर १२० ओहम. म्हणजे एक टोक तुटलं होतं. कॅबिनच्या बाजूचा रोध प्लगच्या रूपात होता. तो काढल्यावर मीटरने अनंत दाखवलं. म्हणजे मघाचे १२० याच प्लगचे होते आणि तुटलेली बाजू इंजिनाची होती.

पण वायर नेमकी कुठून जाते, हे मला कुठे ठाऊक होतं? ते गावातल्या एका जुन्या वायरमन काकांना ठाऊक होतं. त्यांनी सरळ पंपाजवळच्या ब्रॅकेटमागे हात घातला. तिथे हार्नेसची क्लिप तुटली होती. कॅनची एक वायर पत्र्यावर घासून घासून आतून हिरवी पडली होती आणि तुटली होती. तुकडा जोडला, पीळ कायम ठेवला, वरून स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली. मीटरवर ६० आले आणि मशीनने रेस घेतली. ते घासणं महिन्यांचं होतं, त्या दिवशीच्या पाण्याचं नव्हतं. पगार कापायचा विषय तिथेच संपला.

हे टाळा

कॅनच्या वायरींना टेस्ट बल्ब कधीही लावू नका. तो ज्यादा करंट ओढतो आणि कंट्रोलर जाऊ शकतो. यंत्रावर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडा, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे कंट्रोलरचे कनेक्टर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या जागेजवळच लावा. दुसऱ्या मशीनचा कंट्रोलर लावून पाहणं म्हणजेही निदान नव्हे. त्यातला प्रोग्रॅम वेगळा असू शकतो, आणि मूळ दोष शॉर्टचा असेल तर दुसराही जळेल. काम चालू राहावं म्हणून सुरक्षेचा लॉक बायपास करण्याचा मोह तर मुळीच नको; बकेटखाली माणसं असतात.

तेव्हा मित्रांनो, पेटी बदलण्याआधी वायर मोजा. चांगला मीटर काही शे रुपयांत मिळतो. आणि चुकीच्या निदानाचा भुर्दंड बहुतेक वेळा निदान करणारा भरत नाही. तो भरतो स्टिअरिंगवरचा माणूस आणि ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभा असलेला शेतकरी.