पदक मिळालं, पण पोट कसं चालतं?

क्रिकेटच्या मोठ्या खेळाडूंना भरपूर पैसे मिळतात, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण कुस्ती, धावणे, नेमबाजी यांत देशासाठी खेळणाऱ्यांचे घर कशावर चालते?

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. पण तिकडे जायलाच पैसे नव्हते! गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या खेळून ते पैसे फेडले. म्हणजे बघा, ऑलिंपिकच्या पदकाने सरांचे घर सुटले नाही, इथल्या फडाने सुटले. पुढे १९५५ साली ते पोलिसात फौजदार झाले, तेव्हा कुठे महिन्याचा पगार सुरू झाला.

पैलवानाला दूध, तूप, बदाम रोज लागतात. इनाम मात्र जत्रेत कुस्ती मारली तरच. पावसाळ्यात जत्रा फारशा नसतात, पण खुराक काही थांबत नाही.

म्हणून बरेच खेळाडू नोकरी धरतात. रेल्वे, लष्कर, पोलीस खेळाडूंना घेतात आणि सरावाला वेळही देतात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०१५ पासून रेल्वेत तिकीट तपासनीस होते. २०२४ साली पॅरिसला त्यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, मग रेल्वेने बढती दिली. आणि बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेले, सियाचीनच्या बर्फात राहिले. पळण्याची शर्यत त्यांनी सैन्यातच धरली. २०२२ साली बर्मिंगहॅमला त्यांना रौप्यपदक मिळाले.

मला वाटते, खरी अडचण नोकरीच्या आधीची आहे. खेळाडू म्हणून नोकरी हवी तर आधी बक्षिसे पाहिजेत, आणि तोवरचा खर्च घरचा. नेमबाजीच्या गोळ्या फार महाग. स्वप्नील यांच्या शिक्षक वडिलांनी त्यासाठी कर्ज काढले होते. सगळ्यांच्या वडिलांना कर्ज कोण देणार?

माझा दादा तालुक्यात पळण्यात पहिला आला. त्याचे बूट फाटलेत. नवे मागितले तर आई म्हणते, "पळून पोट भरतं का रं?" मी तिला साबळ्यांचं सगळं वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ते बारावीनंतर गेले न्हवं? मग ह्याला आधी बारावी तर होऊ दे. बुटाचं बाजारच्या दिवशी बघू."