माणूस असल्याचा दाखला

दर वर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की बँकांच्या शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारक ज्येष्ठांची वर्दळ वाढते. कारण एकच, हयातीचा दाखला. २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही सोय सुरू झाल्यापासून हा दाखला संगणकाद्वारेही देता येतो; तथापि शाखेत येणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. जयपूरच्या पश्चिमेकडील खातीपुरा भागात मी बदलून आले, त्या पहिल्याच वर्षी एका आजोबांनी हसत हसत मला विचारले होते, की मी हयात नसतो, तर जिना चढून तुमच्यासमोर उभा राहिलो असतो का?

मी त्यांना नियम समजावून सांगितला. पुढे एका हिवाळ्यात नेमकी तीच वेळ माझ्यावर आली. फरक इतकाच, की मला माणूस असल्याचा दाखला द्यावा लागला आणि तो मागणारा होता एक संगणक!

त्याचे असे झाले. वाईला राहणारी माझी आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या घरातील वंशावळीच्या कागदावर सात पिढ्यांतील पुरुषांची नावे आहेत; बायकांची नाहीत. दिवाळीत आत्या मला म्हणाली, “अगं, ज्या आजीनं मला वाढवलं, तिचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही. सासरी आल्यावर नाव बदललं आणि जुनं कुणी लिहूनच ठेवलं नाही. तुला संगणक येतो, बघ ना कुठं सापडतं का.”

खातीपुऱ्यातील भाड्याच्या खोलीत रात्री जेवणानंतर मी शोध सुरू केला. जुन्या नोंदवह्यांची व यात्रेकरूंच्या वह्यांची छायाचित्रे विनामूल्य दाखविणारे, स्वयंसेवकांनी चालविलेले एक संकेतस्थळ मला मिळाले. नावांची सूची नव्हती; एकेक पान उलटून वाचावे लागे. तीस-चाळीस पाने भराभर उलटली, की पडद्यावर सूचना झळके : ‘अतिरिक्त सुरक्षा तपासणी आवश्यक आहे.’ पाठोपाठ नऊ चित्रे येत. त्यांतील वाहतुकीचे दिवे असलेली चित्रे निवडायची. मग दिव्यांचा खांब धरायचा की नुसते दिवे? सायकलीचे अर्धे चाक म्हणजे सायकल का? एक चूक झाली, की नवी नऊ चित्रे. तिसऱ्या रात्री मी चिडून आत्याला फोन केला. सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “दिवसभर तू लोकांची ओळख तपासतेस ना? आता यंत्र तुझी तपासतंय. राग कशाला? का विचारतंय ते तरी बघ.”

आत्याच्या या सूचनेतूनच प्रस्तुत लेखाचा जन्म झाला.

वही उघडण्यापूर्वीचा प्रश्न

वंशावळीच्या दारावर पहारा असणे ही काही नवी गोष्ट नव्हे. त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला तीर्थोपाध्यायांकडे गेल्यास ते आधी विचारतात : आडनाव काय, मूळ गाव कोणते, आजोबांचे नाव काय? ही उत्तरे जुळली, म्हणजे नेमकी वही निघते आणि पणजोबांच्या हातची नोंद समोर येते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर व लगतच्या कर्नाटकात हेळवी घरोघर जाऊन कुळाची माहिती सांगतात व नवी नावे लिहून घेतात. राजस्थानात हेच काम ‘जागा’ व ‘भाट’ मंडळी आपल्या ‘बही’च्या आधारे करीत आली आहेत.

या जुन्या पद्धतीत प्रश्न विचारणारा माणूस होता, विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक होते आणि एका वेळी एकच यजमान समोर बसत असे. संगणकाच्या दाराशी मात्र एकाच क्षणी हजारो पाहुणे उभे असतात, आणि त्यांतील कित्येक माणसे नसतातच.

चित्रांच्या कोड्याचा इतिहास

यंत्र आणि माणूस यांतील फरक संभाषणावरून ओळखता येईल का, हा प्रश्न इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये एका निबंधात मांडला. त्यांच्या परीक्षेत परीक्षक माणूस होता. पन्नास वर्षांनी ही परीक्षा उलटी झाली. २००० च्या सुमारास याहू या कंपनीच्या विनामूल्य ई-मेल सेवेत स्वयंचलित आज्ञावलींच्या साहाय्याने हजारो खोटी खाती उघडली जात होती. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुईस फॉन आन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे तयार केले. माणसाला ते वाचता येई, संगणकाला येत नसे. हाच तो ‘कॅप्चा’. येथे परीक्षक यंत्र असते आणि परीक्षार्थी आपण.

वंशावळीच्या अभ्यासकाला विशेष जवळचा वाटावा असा टप्पा २००७ मध्ये आला. फॉन आन यांनी ‘रीकॅप्चा’ सुरू केला. त्यात दोन शब्द दाखवीत. एक शब्द संगणकाला ठाऊक असे. दुसरा जुन्या छापील पानातील, यंत्राला न वाचता आलेला असे. पहिला बरोबर लिहिणाऱ्याचे दुसऱ्याबाबतचे मतही नोंदविले जाई व अनेकांची मते जुळली, की तो शब्द निश्चित होई. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जुन्या अंकांचे वाचन अशा प्रकारे झाले. २००९ मध्ये गूगलने हा उपक्रम विकत घेतला. म्हणजे ज्या कोड्याला लोक वैतागत होते, त्याच कोड्यातून जुने दस्तऐवज शोधण्यायोग्य होत होते.

पुढे यंत्रेही वाचायला शिकली. अक्षरांच्या जागी चित्रे आली. २०१४ पासून ‘मी यंत्रमानव नाही’ या चौकटीत नुसती खूण करणे पुरेसे होऊ लागले. तेथे खुणेपेक्षा ती करण्याची आपली रीत आणि आपल्या ब्राउझरची लक्षणे यांवरून अंदाज बांधला जातो. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांना तर असे आढळले, की अशी बरीचशी कोडी यंत्रे माणसांपेक्षा जलद व अचूक सोडवितात. पहारा अधिक कडक, आणि आपल्या दृष्टीने अधिक त्रासदायक, होत जाण्यामागे ही चढाओढ आहे.

विनामूल्य माहितीवर एवढा पहारा कशासाठी?

माझाही प्रथम हाच आक्षेप होता. माहिती फुकट वाटायची आहे, तर कुलूप कशाला? याची मुख्यतः दोन कारणे आढळतात.

पहिले कारण खर्चाचे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींना शिकविण्यासाठी स्वयंचलित आज्ञावली संकेतस्थळांवरील मजकूर व छायाचित्रे घाऊक प्रमाणात उचलून नेतात. विकिपीडिया चालविणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केले, की त्यांच्याकडील सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के वाहतूक अशा यंत्रांची होती. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर देणग्यांवर चालणाऱ्या लहान संग्रहाचा निभाव कसा लागावा? पाणपोईवर टँकर येऊन उभा राहिला, तर वाटसरूला ओंजळभर पाणीही मिळणार नाही.

दुसरे कारण आपल्या बँकव्यवहाराशी निगडित आहे. वंशावळीत काय असते? जन्मतारीख, जन्मगाव, आईचे नाव, माहेरचे आडनाव. खाते उघडण्याच्या अर्जातील रकाने आठवून पाहा. परवलीचा शब्द विसरल्यास विचारले जाणारे गुप्त प्रश्नही आठवा. आत्याला हवे असलेले ‘माहेरचे नाव’ हा तर जगभरातील बँकांचा जुना आवडता प्रश्न! याच कारणाने अनेक वंशावळ-संग्रह हयात व्यक्तींचा तपशील झाकून ठेवतात.

हा धोका काल्पनिक नाही. जनुकांवरून नातलग शोधून देणाऱ्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीत २०२३ मध्ये मोठी चोरी उघडकीस आली. चोरांनी कंपनीची तिजोरी फोडली नव्हती. इतरत्र फुटलेले परवलीचे शब्द त्यांनी येथे लावून पाहिले आणि सुमारे १४,००० खाती उघडली. कारण त्या ग्राहकांनी एकच शब्द अनेक ठिकाणी वापरला होता. परंतु ‘नातलग दाखवा’ या सोयीमुळे सुमारे ६९ लाख व्यक्तींची माहिती बाहेर गेली. एकाच्या निष्काळजीपणाची किंमत शेकडो नातलगांनी मोजली. वंशावळीची माहिती कधीच एकट्याची नसते, हा यातील धडा होय.

तीन प्रश्न, तीन पहारे

ग्राहकांनी पुढील तीन तपासण्यांतील भेद ध्यानात घ्यावा.

१. आपण माणूस आहात काय? चित्रांचे कोडे एवढेच विचारते. ते आपली ओळख पटवीत नाही.

२. आपण तेच आहात काय? परवलीचा शब्द, बोटाचा ठसा, चेहरा यांद्वारे हे ठरते.

३. हा व्यवहार आपल्या संमतीने होत आहे काय? भ्रमणध्वनीवर येणारा एकदाच वापरायचा संकेतांक, अर्थात ओटीपी, हे त्याचे परिचित साधन. रिझर्व्ह बँकेने कार्डावरील ऑनलाइन व्यवहारांसाठी अशी अतिरिक्त खातरजमा १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने याबाबत नवे निर्देश काढले व त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. त्यांत ओटीपीखेरीज अन्य साधनांनाही वाव आहे.

कोडे सुटले म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढू नये. आणि कोडे अडले म्हणजे आपले खाते धोक्यात आहे, असेही समजू नये.

तपासणी वारंवार का अडते?

माझ्याबाबतीत दोन कारणे निघाली. सूची नसल्याने मी पाने भराभर उलटीत होते. यंत्राच्या लेखी ती चाल यंत्राचीच. शिवाय भ्रमणध्वनी कंपन्या पुष्कळदा शेकडो ग्राहकांना इंटरनेटवर एकच सामाईक पत्ता देतात. त्यांतील एखाद्याने गैरवापर केल्यास संशय सर्वांवर येतो. उपाय साधे आहेत :

• संकेतस्थळावर नोंदणी करून, प्रवेश घेऊनच शोध करावा.

• पाने सावकाश उलटावीत. एकाच वेळी अनेक खिडक्या उघडू नयेत.

• ब्राउझर अद्ययावत ठेवावा आणि संकेतस्थळाच्या कुकी व जावास्क्रिप्ट बंद करू नयेत.

• व्हीपीएन चालू असल्यास या कामापुरते बंद करावे.

• डोळ्यांना चित्रे नीट दिसत नसल्यास, ध्वनीचा पर्याय दिलेला असेल तेथे तो वापरावा.

खोट्या पहारेकऱ्यापासून सावध

लोकांना या तपासणीची सवय झाली, हे ठकसेनांनीही हेरले आहे. २०२४ पासून बनावट कॅप्चाचे प्रकार जगभर वाढले. त्यात ‘माणूस असल्याचे सिद्ध करण्यासाठी विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, नंतर मजकूर चिकटवा व एंटर दाबा’ अशी सूचना येते. तसे केल्यास आपल्याच हाताने संगणकात घातक आज्ञावली शिरते व परवलीचे शब्द चोरले जातात. खरी तपासणी आपणास कोणतीही आज्ञा चिकटविण्यास, ॲप उतरवून घेण्यास किंवा ओटीपी, पिन व कार्ड क्रमांक देण्यास कधीही सांगत नाही. बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकलिखित करावा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नामक्षेत्रात जाण्यास सांगितले होते, ते याच ओळखीसाठी. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवावे.

वंशावळ शोधणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर ऑगस्ट २०२३ पासून सहभागी बँकांतील बेवारस ठेवींचा शोध घेता येतो. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. पण वारसाचा हक्क बुडत नाही. तेथेही नोंदणी व तपासणी आहे. आजोबांच्या ठेवीवर भलत्याच कोणी डोळा ठेवू नये असे वाटत असेल, तर तेवढा वेळ अवश्य द्यावा.

राहता राहिली आत्याच्या आजीची गोष्ट. मी नोंदणी केली आणि रोज थोडी पाने सावकाश वाचू लागले. तपासणी पूर्ण थांबली नाही, क्वचित येत राहिली. महिन्याभराने यात्रेकरूंच्या एका वहीत पणजीच्या भावाने लिहविलेली नोंद सापडली. बहिणीचे माहेरचे नाव आणि शेजारी, जावई म्हणून, माझ्या पणजोबांचे नाव! मी लगेच वाईला फोन लावला. आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ते नाव दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतले आणि वंशावळीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले.

त्या संकेतस्थळावरील वंशवृक्षात मीही ते नाव भरले. त्याखालचे आत्याचे व माझ्या आईचे रकाने मात्र मी रिकामे ठेवले आहेत. त्या दोघी हयात आहेत, आणि त्यांच्या माहितीचा पहारा करणे हे आता माझे काम आहे.