दाराची दिशा : यहेज्केलचे मंदिरदर्शन आणि औंढ्याचे फिरलेले देऊळ

नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढा नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा आपल्या अध्यापनात बहुधा ‘चमत्कार’ या सदराखाली उरकली जाते. तिच्यातील वास्तुविचाराकडे लक्ष जात नाही. बायबलमधील यहेज्केल या संदेष्ट्याच्या मंदिरदर्शनाशेजारी ठेवून ती वाचली, तर देवळाची रचना हेच देवाविषयीचे विधान कसे होते, हे उमगू लागते.

यहेज्केलच्या ग्रंथाचे ४० ते ४८ हे अध्याय मोजमापांनी भरलेले आहेत. यरुशलेमचे मंदिर इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबिलोनी सैन्याने उद्ध्वस्त केले. त्यानंतर चौदाव्या वर्षी, बाबिलोनमध्ये बंदिवासात असलेल्या यहेज्केलला हे दर्शन घडते. सहा हात लांबीची मोजकाठी घेतलेला एक पुरुष त्याला दारे, देवड्या, अंगणे मोजून दाखवतो. बाहेरच्या अंगणाच्या दाराशी सात पायऱ्या, आतल्या अंगणाच्या दाराशी आठ. परमपवित्रस्थान वीस हात लांब आणि तितकेच रुंद. उंचीची मापे मात्र क्वचितच येतात, आणि ‘हे मंदिर बांधा’ अशी स्पष्ट आज्ञा कोठे आढळत नाही. उलट, हे वर्णन ऐकून लोकांना आपल्या दुष्कर्मांची लाज वाटावी, असा हेतू ४३व्या अध्यायात सांगितला आहे. त्यामुळे हा केवळ बांधकामाचा आराखडा मानणे मला अपुरे वाटते.

या दर्शनात खरा अर्थ दिशेला आहे. देवाचे तेज आधी मंदिर सोडून पूर्वेकडे निघून गेलेले असते. ते पूर्वद्वारानेच परत येते आणि मग ते दार बंद ठेवले जाते. उंबरठ्याखालून निघालेले पाणी मात्र पूर्वेकडेच वाहत जाते : आधी घोट्याइतके, मग गुडघ्याइतके, कमरेइतके, आणि शेवटी पार करता न येणारी नदी, जिच्यामुळे खारा समुद्र गोडा होतो. दार बंद, पाणी मोकळे. माणसांबाबतही हीच ओढाताण आहे. ४४व्या अध्यायात परक्यांना पवित्रस्थानी मज्जाव आहे, तर ४७व्यात वस्तीला आलेल्या उपऱ्यांना जमिनीत वाटा आहे. यहेज्केल स्वतः याजक होता. तो देऊळ आतून पाहतो.

नामदेव ते बाहेरून पाहतात. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. हीन जातीचा म्हणून देवळातून उठवले गेल्याचा प्रसंग त्यांत येतो. गावाचे नाव तेथे नाही. परंपरा तो औंढ्याला घडवते आणि मागील बाजूच्या नंदीकडे बोट दाखवते. (स्थापत्याचा पुरावा म्हणून हे कितपत टिकेल, हा वेगळा प्रश्न, यादवकालीन तळभागावर वरचे बांधकाम पुष्कळ नंतरचे आहे.) कथेचा अर्थ त्यावर अवलंबून नाही. हाकललेल्या माणसाला देवळाची मागची भिंतच तेवढी ठाऊक असते, आणि कथेत नेमकी तीच बाजू दर्शनी होते. यहेज्केलच्या मंदिरात तेज दाराने परतते. इथे दारच भक्ताकडे वळते. तेथे पायऱ्या चढत जावे लागते, औंढ्यात मात्र अरुंद वाटेने खाली उतरल्यावर पिंड दिसते.

विसोबा खेचरांची कथाही याच देवळाशी जोडली जाते. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या गुरूचे पाय नामदेव जेथे जेथे हलवतात, तेथे तेथे पिंड प्रकटते. ग्रंथाच्या ११व्या अध्यायात, देशोधडीस लागलेल्यांसाठी आपण स्वतःच अल्पसे पवित्रस्थान झालो, असे यहेज्केलचा देव म्हणतो. एवढे झाल्यावर देवळाची गरज संपावी. पण यहेज्केल पुढे मोजकाठीमागोमाग पुन्हा दारादारांतून फिरतो; आणि नामदेव, परंपरेप्रमाणे, समाधीसाठी पंढरीच्या महाद्वारातील पायरी निवडतात.