वसुलीदार दारीं आला असतां

दुष्काळी सालीं कवठे महांकाळच्या कित्येक शेतकऱ्यांच्या दारीं वसुलीदार येतो. अशा वेळीं त्यांनीं भिऊं नये, असें आम्ही सुचवितों. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुळांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पुढें १८७९ च्या कायद्यानें पावती व हिशेब मागण्याचा हक्क त्यांस मिळाला. हल्लींच्या २०१४ च्या सावकारी कायद्यान्वयेंही सावकारास परवाना व पावती हीं अवश्य आहेत. म्हणून प्रथम परवाना पाहावा आणि पावतीवांचून पैसा देऊं नये.

दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमान्वयें शेतकऱ्याचीं औतें आणि निर्वाहास अवश्य तेवढीं गुरें व बियाणें न्यायालयाच्या जप्तींतूनही वगळलीं जातात. मग वसुलीदारानें दावणीचा बैल सोडून न्यावा हें कसें चालेल? दमदाटी झाल्यास पोलीस ठाण्यांत लेखी तक्रार द्यावी. खरें देणें फेडावेंच. परंतु कागद पाहून, भीतीनें नव्हे.